दिसला नाही, की पाहिलं नाहीस?

२०२३ सालच्या नोव्हेंबरातला शनिवार. दुपारचे साडेचार, म्हणजे इथल्या इंग्लंडच्या हिशेबानं दिवेलागण होऊन गेलेली. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम होती आणि मला नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. आमच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर उजवीकडे वळायचं होतं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे ओझरतं पाहिलं आणि गाडी काढली. कर्कश ब्रेक लागला, मग डांबरावरून काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला. माझ्या बॉनेटपासून हातभर अंतरावर एक मोटरसायकल आडवी पडली होती आणि पलीकडे तिचा स्वार.

"सॉरी, मला तुम्ही दिसलाच नाहीत." माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

हेल्मेटच्या आतून तो म्हणाला, "सगळे हेच म्हणतात."

त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. प्लंबिंगची स्वतःची कामं घेणारा माणूस. अँब्युलन्सची वाट बघताना त्याला काळजी होती ती सोमवारी कुणाच्या तरी घरी बसवायच्या बॉयलरची. पुढे कागदपत्रांवरून कळलं, की त्याचं काम दोन महिने बंद होतं. आणि हेही कळलं, की 'सॉरी मेट, आय डिडन्ट सी यू' या वाक्याच्या आद्याक्षरांवरून इथल्या मोटरसायकलवाल्यांनी 'स्मिड्सी' असा एक शब्दच करून टाकला आहे!

घरी बायको म्हणाली, "तुझी काही चूक नाही. अंधारात काळं जॅकेट घालून आला होता तो." तालमीतला मित्र म्हणाला, "इन्शुरन्स आहे ना? मग झालं." रविवारी पुण्याला फोन लावला. बाबांनी तीस वर्षं कर्वे रस्त्यावरून चेतक चालवली. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, तो दिसला नाही, की तू पाहिलं नाहीस?"

इंग्रजीत हा प्रश्न इतक्या सहज विचारता येत नाही. मराठीत येतो आणि म्हणून टोचतो. 'मी पाहिलं' यात कर्ता मी असतो. 'मला दिसलं' यात मी नुसता बसलेला असतो. दिसायचं काम समोरच्याचं. म्हणजे 'तुम्ही मला दिसला नाहीत' असं म्हणून रस्त्यावर पडलेल्या माणसावरच मी दिसण्याची जबाबदारी टाकून मोकळा झालो होतो.

पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमधले बग शोधतो, त्यामुळे हाही शोधत बसलो. माझ्या बाजूनं बोलणारा पुरावा भरपूर निघाला. डोळा कॅमेऱ्यासारखा सरकत नाही, उड्या मारत जातो आणि उडी चालू असताना मेंदू दृश्य जवळपास बंदच ठेवतो. अंगानं अरुंद मोटरसायकल दोन उड्यांच्या मधे सहज हरवू शकते. काचेशेजारच्या खांबाआड ती अख्खी लपते. लहान वस्तू समोरून येताना आहे त्यापेक्षा दूर वाटते. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग तर आपल्यापैकी अनेकांना ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये दाखवला असेल. चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिला दिसत नाही.

हे वाचून आधी बरं वाटलं. मग पुढचं वाचलं. जे गाडीवाले स्वतः मोटरसायकलही चालवतात, त्यांच्या हातून असे अपघात कमी होतात. डोळे तर त्यांचेही तसेच उड्या मारणारे! फरक एवढाच, की मोटरसायकल असेल, हे त्यांच्या मनात आधीपासून असतं. कॉलेजात असताना मीही लक्ष्मी रस्त्यावरून स्कूटर हाणली आहे. तिथं चहूबाजूंनी दुचाक्याच, त्या न दिसून सांगतात कुणाला? इथल्या रहदारीत मोटरसायकली सुमारे एक टक्का, आणि रस्त्यावरच्या मृत्यूंत मोटरसायकलस्वार मात्र साधारण पाचात एक. वीस वर्षांत त्या एक टक्क्याची अपेक्षा करणं मी सोडून दिलं होतं. कधी सोडलं, ते मात्र आठवत नाही.

माणूस खरं तर मनानं पाहतो, हा विचार बृहदारण्यक उपनिषदातही आहे, आणि त्याला आधार म्हणून घेतलंय ते आपलं रोजचं बोलणंच: मन दुसरीकडे होतं, म्हणून दिसलं नाही. माझं मन तालमीत पोचलेलं होतं. पण मन दुसरीकडे असणं हा गुन्हा आहे का? शकुंतलेची गोष्ट यासाठी मला फार अवघड वाटते. दुष्यंताच्या विचारात बुडालेल्या तिला दारात आलेले दुर्वास कळलेच नाहीत. तिच्या मनात अपमान करायचं नव्हतं. शाप अपराधाच्या मानानं भयंकर, हे शाळेतलं पोरही सांगेल. आपण सगळे शकुंतलेच्या बाजूचे. पण ती बसली होती आश्रमात. मी बसलो होतो टनभराहून जास्त वजनाच्या लोखंडात. दारात कुणी उभा असेल तर तो माझ्या तंद्रीनं नुसता रागावणार नव्हता, मोडणार होता.

इथला कायदा शापापेक्षा बराच मवाळ आहे. निष्काळजी ड्रायव्हिंगमध्ये हेतू विचारत नाहीत, सावध आणि जाणता ड्रायव्हर तसा वागला असता का, एवढंच विचारतात. पोलिसांनी मला कोर्टाऐवजी कोर्स दिला. तिथं शिकवलं, की डोकं पुढेमागे हलवून खांबाआड पाहा, आणि नजर झाडूसारखी फिरवू नका, एकेका ठिकाणी टेकवा. २०२२ च्या जानेवारीत हायवे कोड बदलून, ज्याचं वाहन जास्त इजा करू शकतं त्याची जबाबदारी जास्त, असं त्यात घातलं गेलं, हेही तिथंच कळलं. टेस्ट पास झाल्यावर ते पुस्तक मी उघडलं नव्हतं. (हात वर करा, मंडळी, कुणी उघडलं?)

खरी पंचाईत वेगळीच झाली. मला त्या माणसाला पत्र लिहायचं होतं. विमा कंपनीच्या माणसानं फोनवर बजावलं, "परस्पर संपर्क नको. चूक कबूल केल्यासारखं काही बोलू नका, लिहू नका." व्यवहाराच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच असेल. पण चूक समजली आहे आणि ती जिथं सांगायची तिथंच सांगायची बंदी, अशा अवस्थेत मी आठ महिने काढले. त्या काळात 'तुझी चूक नाही' हे इतक्या जणांकडून ऐकलं, की मधेमधे मला ते पटायलाही लागलं होतं. तेव्हा बाबांचा प्रश्न उपयोगी पडला.

क्लेम मिटल्यावर पत्र धाडलं. इंग्रजीत चार ओळी जमायला तीन संध्याकाळी लागल्या, कारण 'आय डिडन्ट सी यू' हे वाक्य त्यात येऊ द्यायचं नव्हतं. शेवटी 'मी नीट पाहिलं नाही' याच्या जवळपास जाणारं काहीतरी लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

त्या वळणावर आता मी दोनदा थांबून पाहतो, आणि मागचे हॉर्न देतात.