मेझुझा म्हणजे ताईत नव्हे

शंका : मुलाचा धंदा बुडाला, पाठोपाठ यजमान आजारी पडले. एक गृहस्थ सांगतात, दारावरचा मेझुझा (वचने लिहिलेले चर्मपत्र) सदोष आहे, म्हणून सैतान घरात शिरतो. नवा मेझुझा, आत देवदूतांची नावे लिहून, पाच हजारांत देतो म्हणतात. देवाने निर्मिलेले सारे चांगले, तर वाईट आले कुठून?
— एक भगिनी, ठाणे

समाधान : देवाशी झुंजणारा दुसरा राजा आपल्या यहुदी धर्मात नाही. इयोबाच्या पुस्तकातला सैतानही परवानगीवाचून त्याच्या गुरांना हात लावू शकत नाही. उजेड आणि अंधार, शांती आणि अरिष्ट एकाच्याच हातचे, असे संदेष्टा यशया ४५व्या अध्यायात सांगतो.

मग दयाळू देवाने अरिष्ट का घडवले? इथे मी रामबामना मानतो. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणारे हे रब्बी 'मोरे नेवुखीम' या ग्रंथात म्हणतात की वाईट ही घडवलेली वस्तूच नव्हे. दिवा काढून नेला की उरतो तो अंधार. देह मातीचा, म्हणून आजार आणि मरण येते. माणूस माणसाला छळतो, ते त्याहून अधिक. आणि सर्वांत जास्त दुःख आपण स्वतःच्या हावेने ओढवून घेतो. ती हाव, येत्सेर हारा, हीसुद्धा मुळात टाकाऊ नाही. ती नसती तर कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, व्यापारही केला नसता, असे रब्बी सांगून गेले. लगाम मात्र आपल्याच हाती दिलेला आहे.

आता त्या गृहस्थांविषयी. मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासावा, अक्षर पुसले असेल तर बदलावा, हे योग्यच. पण आत देवदूतांची नावे? असे लिहिणाऱ्यांना येणाऱ्या जगात वाटा नाही, असे रामबामनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. देव एक आहे आणि त्याच्यावर प्रीती करा, एवढे सांगणारा शेमा त्यात असतो; त्याचा ताईत करून हे लोक देवाची आज्ञाच बाजारात विकतात. आणि गिऱ्हाईक कोण, तर ज्याच्या घरी दुखणे आहे तो! आजाऱ्याच्या उशाशी बसून भीती विकणे, यालाच मी वाईट म्हणतो. त्यासाठी सैतान लागत नाही. सिनेगॉगच्या पंचांनी अशांना उघडपणे रोखले पाहिजे; गप्प बसणे हाही दोषच.

त्यांना एक पैसाही देऊ नका. मेझुझा जाणत्या सोफेरकडून (धर्मलेखनिकाकडून) तपासून घ्या, यजमानांना डॉक्टरांकडे न्या. मुलाला हिशेबाच्या वह्या काढायला सांगा. त्यात कोणाचे देणे बुडाले असेल, तर किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास ते फेडत नाही. त्या माणसाच्या दारी जाऊन समजूत घालावी लागते. सण येण्याआधी त्याने जावे.