गवतातील बुरशी आणि तिचा जनुकीय वारसा

एपिक्लोई ही बुरशी समशीतोष्ण प्रदेशांतील गवतांच्या पेशींमधल्या जागेत वाढते. बाहेरून पाहता गवत निरोगीच दिसते. बुरशी त्याच्या बियांत शिरते आणि बियांबरोबर पुढच्या पिढीत जाते. विषारी म्हणून पूर्वापार ठाऊक असलेल्या लोलियम टेम्युलेंटम या गवताच्या दाण्यांत १८९८ मध्येच अशी बुरशी आढळली होती. मात्र तिच्या कार्याचा उलगडा व्हायला पाऊणशे वर्षे लागली.

अमेरिकेत १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ हा उंच फेस्क्यू गवताचा वाण प्रसारित झाला. तो खूप पसरला, पण त्यावर चरणारी जनावरे खंगू लागली. १९७७ मध्ये चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषबाधेचा संबंध गवतातील बुरशीशी जोडला. पुढे या संबंधाची दुसरी बाजूही उमगली. बुरशीची अल्कलॉइडे ही विषारी रसायने किडींना दूर ठेवतात, आणि बुरशी काढून टाकलेले फेस्क्यू दुष्काळात व किडींपुढे लवकर हार खाते. परजीवी मानलेली बुरशी अशा रीतीने सहजीवी ठरली.

त्यातून उत्क्रांतीचा एक अवघड प्रश्न उभा राहिला. एपिक्लोईच्या अनेक जातींनी लैंगिक प्रजनन सोडलेले आहे. त्या केवळ बियांतून पसरतात. जनुकांची सरमिसळ थांबलेल्या वंशात हानिकारक उत्परिवर्तने साचत जातात, असे हर्मन म्युलर यांनी १९६४ मध्ये मांडले होते. मग हे वंश टिकले कसे? ख्रिस्तोफर शार्डल यांच्या केंटकी विद्यापीठातील गटाने १९९४ मध्ये उत्तराची दिशा दाखवली. फेस्क्यूमधील बुरशीत एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेल्या प्रती होत्या, आणि हे पूर्वज तीन होते. एकाच गवतात दोन बुरशी आल्या की त्यांचे तंतू जुळून संकर होत असावा. अशा संकरातून निकामी जनुकाची जागा घेणारी प्रत मिळते, शिवाय नवी अल्कलॉइडे बनवण्याची क्षमताही येते.

संपूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागल्यावर हे चित्र अधिक स्पष्ट झाले. २०१३ मध्ये एपिक्लोईच्या कुळातील १५ जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. अरगट रोगाच्या बुरशीही त्यांत होत्या. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर येणारा अरगट याच कुळातला. अल्कलॉइडांची जनुके गुणसूत्रावर गटाने असतात. रेणूचा मूळ सांगाडा घडवणारी जनुके बहुतेक ठिकाणी सारखी राहतात, तर त्यात फेरफार करणारी जनुके कुठे असतात, कुठे गळतात. एपिक्लोईत या गटांभोवती पुनरावृत्त डीएनएचे मोठे पट्टे आहेत आणि बदल तिथेच जास्त घडतात. म्हणूनच जवळच्या नात्यातील बुरशीही निरनिराळी विषे बनवतात. गुरांना अपाय न करणारा, पण किडींना रोखणारा नैसर्गिक प्रकार निवडून तो गवतात घालणेही या विविधतेमुळे शक्य झाले.

२०२० मध्ये आणखी एक दुवा उघड झाला. गव्हाच्या नात्यातील थिनोपायरम या गवतात एफएचबी७ हे जनुक आहे. फ्युजेरियम बुरशीचे विष ते निष्प्रभ करते. चिनी संशोधकांना त्याचे जवळचे साम्य एपिक्लोईच्या जनुकाशी आढळले; म्हणजे ते बुरशीतून गवतात गेले असावे. वंशवृक्षाच्या फांद्या एकदा फुटल्या की कायम वेगळ्याच राहतात, ही कल्पना या बुरशींना पुरत नाही. त्यांच्यात फांद्या पुन्हा जुळतात, आणि कधी एखादे जनुक यजमान गवताच्या वंशातही रुजते.