पळालेल्या बापाचे दोन सिनेमे

फ्रेंच आल्प्समधल्या एका रिसॉर्टच्या गच्चीवर दुपारच्या जेवणाची वेळ आहे. एक स्वीडिश कुटुंब टेबलाशी बसलंय. टॉमस, त्याची बायको एब्बा, मुलगी वेरा आणि धाकटा हॅरी. समोरच्या डोंगरावर दणका होतो आणि बर्फाचा एक पट्टा सुटून खाली घसरू लागतो. लोक मोबाइल काढतात, टॉमसही काढतो. मुलगा घाबरलेला दिसतो तेव्हा बाप त्याला धीर देतो, की हे मुद्दाम पाडलेलं हिम आहे, या लोकांना सगळं माहीत असतं. हिम येत राहतं, मोठं होत जातं, गच्चीच्या कठड्याला भिडल्यासारखं दिसतं. किंकाळ्या सुरू होतात. एब्बा दोन्ही मुलांना कवेत घेते आणि टॉमस टेबलावरचा फोन आणि हातमोजे उचलून पळत सुटतो. पडदा पांढराफटक होतो. काही वेळ कुणीच दिसत नाही, नुसते आवाज. मग धुरळा विरत जातो आणि कळतं, की हिमाचा लोट गच्चीपर्यंत पोचलाच नव्हता. आली होती ती फक्त हिमाची धूळ. माणसं आपापल्या टेबलांकडे परत येतात. टॉमसही येतो आणि जागेवर बसतो.

एवढं सगळं होईपर्यंत कॅमेरा जागचा हललेला नाही.

रुबेन ओस्टलुंड या स्वीडिश दिग्दर्शकाचा हा सिनेमा २०१४चा. स्वीडिश नाव ‘टुरिस्ट’, बाहेरच्या जगासाठी ‘फोर्स माज्यूर’. त्या वर्षी कान महोत्सवातल्या ‘अन सर्टन रिगार्ड’ विभागात त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला. ओस्टलुंडची सुरुवातच स्कीइंगचे माहितीपट काढण्यापासून झालेली. त्यामुळे बर्फ, हॉटेलं, लिफ्टच्या रांगा आणि सुट्टीवर आलेल्या सुखवस्तू कुटुंबांच्या सवयी त्याला आतून ठाऊक होत्या. पण सिनेमाचा जीव त्या डोंगरात नाही. तो सुट्टीच्या उरलेल्या दिवसांत आहे, कारण टॉमस आपण पळालो हे कबूलच करत नाही.

‘फोर्स माज्यूर’ हे करारातलं कलम असतं. पूर, भूकंप, युद्ध असं काही माणसाच्या हाताबाहेरचं घडलं, तर कुणालाच दोषी धरायचं नाही, असं ते सांगतं. मराठीला ही कल्पना परकी नाही. आपल्याकडे तिला अस्मानी-सुलतानी म्हणत. आभाळातून कोसळलेलं ते अस्मानी, राज्यकर्त्याने लादलेलं ते सुलतानी, आणि दोन्हींपुढे माणसाचा इलाज चालत नाही. नवराबायकोच्या करारात असं कलम आहे का, हा ओस्टलुंडचा प्रश्न आहे. माणूस जिवाच्या भीतीने धावला तर ते अस्मानी मानायचं, की त्याचा जाब त्याला विचारायचा?

एब्बा पहिल्यांदा हे बोलते ती चारचौघांत, वाइनच्या ग्लासावर, जेमतेम ओळखीच्या लोकांपुढे. टॉमस हसतो आणि म्हणतो, मला तसं आठवत नाही. स्कीचे बूट पायात असताना कुणाला धावता येईल, असंही तो विचारतो. दुसऱ्या वेळी टॉमसचा मित्र मॅट्स आणि त्याची तरुण मैत्रीण फॅनी समोर असतात. या वेळी एब्बा थांबत नाही. टॉमसच्याच फोनमधलं चित्रण लावून दाखवते. धावण्याच्या पावलांचा आवाज त्यात आहे. मित्र बिचारा बाजू सावरायला जातो, संकटात माणूस माणूस राहत नाही वगैरे सांगतो. त्याच रात्री फॅनी त्याला सहज म्हणते, की तूही कदाचित असाच पळाला असतास. मॅट्सची झोप उडते. एका घरातली ठिणगी शेजारच्या घरात कशी जाते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवलं असेल. या सिनेमाने घटस्फोट वाढले तर बरंच, असं ओस्टलुंड मुलाखतींत म्हणत असे. त्या बोलण्यात विनोदाइतकंच तथ्य होतं.

हे स्वीडनमध्येच का घडावं? १९७४ साली त्या देशाने फक्त आईसाठी असलेली बाळंतरजा मोडीत काढली आणि आईबाप दोघांनाही मिळणारी पालकत्वाची रजा आणली. असं करणारा तो जगातला पहिला देश. १९९५पासून त्या रजेतला काही भाग बापाने घेतला नाही तर वाया जातो. बाबागाडी ढकलणारा बाप हे तिथलं रोजचं दृश्य. अशा समाजात पुरुषाने रक्षणकर्ता असावं, ही अपेक्षा कागदावरून कधीच पुसली गेली आहे. ती मनातून मात्र गेलेली नाही. टॉमसला लाज वाटते ती ज्या आदर्शावर आपला विश्वास उरला नाही असं तो समजत होता, त्याच आदर्शापुढे कमी पडल्याची. एब्बालाही धक्का बसतो तो आपण अजून त्याच अपेक्षेने नवऱ्याकडे पाहत होतो याचा.

आणि तो आदर्श प्रत्यक्षात कितपत पाळला जातो? उपसाला विद्यापीठातल्या मिकाएल एलिंडर आणि ऑस्कर एरिक्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली १८ जहाजांच्या दुर्घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आधी बायका आणि मुलं’ हा नियम टायटॅनिकवर दिसला खरा, पण टायटॅनिक हा अपवाद होता. एकंदरीत बायका पुरुषांपेक्षा कमी वाचल्या होत्या, आणि कप्तान व खलाशी प्रवाशांपेक्षा जास्त. त्याच वर्षीच्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ आडवी झाली, ३२ माणसं गेली, आणि प्रवासी आत असताना कप्तान जहाज सोडून गेला होता. टॉमस एकटा नाही.

आता दुसरा सिनेमा. ‘डाउनहिल’ १४ फेब्रुवारी २०२० रोजी, व्हॅलेंटाइन दिनाला, अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नॅट फॅक्सन आणि जिम रॅश. ‘द डिसेंडंट्स’च्या पटकथेसाठी अलेक्झांडर पेनबरोबर या दोघांना ऑस्कर मिळालेलं. पटकथेत त्यांच्यासोबत ‘सक्सेशन’ मालिकेचा कर्ता जेसी आर्मस्ट्राँग. नवऱ्याच्या भूमिकेत विल फेरेल, बायकोच्या भूमिकेत जूलिया लुई-ड्रेफस, आणि तीच निर्मात्यांपैकी एक. यापेक्षा चांगली माणसं जमवणं कठीण होतं. मूळ सिनेमा दोन तासांचा, हा ८६ मिनिटांचा. मात्र खरं नुकसान वेळेच्या कात्रीने केलेलं नाही.

कुटुंब आता अमेरिकी आहे, ठिकाण ऑस्ट्रियातलं इशगल. नवरा, पीट, फोन उचलून पळतो, इथपर्यंत गोष्ट तीच. पण पीटचे वडील नुकतेच वारलेत. तो दुःखात आहे, आयुष्य निसटून चाललंय या विचाराने कासावीस आहे, ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्याचं मोकळं जगणं बघून झुरतो आहे. ही माहिती आली आणि प्रश्नाची धार गेली. टॉमसच्या पळण्याला कारण नव्हतं, म्हणून ते प्रत्येक प्रेक्षकाचं पळणं होतं. पीटच्या पळण्याला कारण मिळालं आणि ते फक्त पीटचं झालं. प्रेक्षक हळहळतो, त्याला माफ करतो आणि स्वतः सुटतो.

दुसरा बदल याहून बोलका आहे. वादाच्या प्रसंगी मूळ सिनेमात साक्ष देतो तो फोन. रीमेकमध्ये बायको, बिली, आपल्या दोन मुलांना बाहेर बोलावते आणि पाहुण्यांसमोर बापाविरुद्ध साक्ष द्यायला लावते. लुई-ड्रेफस तो प्रसंग जीव तोडून करते, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण आता डाव उलटलेला असतो. बायकोचंही चुकलं, असा हिशेब मांडता येतो, आणि दोघांची फिट्टंफाट होते. यंत्राच्या साक्षीत हा दिलासा नव्हता. यंत्र कुणाची बाजू घेत नाही, त्याच्यावर रागावताही येत नाही. मूळ सिनेमात नवराबायको वाद घालायला मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून खोलीबाहेर, हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये जातात, आणि तिथे एक सफाई कर्मचारी सिगरेट ओढत त्यांच्याकडे निर्विकारपणे बघत उभा असतो. मुलांना यातून वाचवायची ती धडपडही एक माया आहे. रीमेकने ती मायाच गमावली.

एक प्रसंग मात्र त्या चमूने स्वतःचा लिहिला आहे आणि तो अस्सल आहे. बिली नवऱ्याला घेऊन रिसॉर्टच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करायला जाते. इशारा का दिला नाही, जबाबदारी कुणाची, माफी कोण मागणार? अधिकारी शांतपणे सांगतो, की सगळं ठरल्याप्रमाणेच झालं आहे. हा अधिकारी झालाय क्रिस्टोफर हिव्यू, तोच दाढीवाला नट, जो मूळ सिनेमात मॅट्स होता. इथे अमेरिकेची नस सापडते. कुठल्याही इजेला कुणीतरी उत्तरदायी असलाच पाहिजे, दावा ठोकता आला पाहिजे, या श्रद्धेवर उभा असलेला समाज ‘फोर्स माज्यूर’ हे कलम ऐकूनच बिथरतो. घरातल्या अपराध्याचं नाव घेता येत नाही म्हणून बाई डोंगरावर खटला भरायला निघते. पूर्ण सिनेमा या धाग्यावर विणायला हवा होता. तो प्रसंग संपतो आणि सिनेमा पुन्हा मूळ कथेची पायवाट धरतो.

रूपांतर म्हणजे काय, हे मराठी वाचकाला कुणी शिकवायला नको. मोलिएरचं एक फ्रेंच प्रहसन १६६०चं, त्यावरून आर्थर मर्फीने लंडनसाठी रचलेलं ‘ऑल इन द राँग’ १७६१चं, आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांचं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. त्यालाच पुढे पदं जोडून १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. तसबीर तीच, गैरसमज तोच. पण देवलांनी नायिका, रेवती, नायकिणीची मुलगी केली. अशा घरातल्या मुलीशी लग्न करायला निघालेला अश्विनशेठ आणि तिच्या निष्ठेवर क्षणात डळमळणारा त्याचा विश्वास, यात मराठी समाजाचं स्वतःचं दुखणं होतं. पॅरिसचा संशय पुण्या-मुंबईचा झाला तो या एका निर्णयामुळे. युरोपातून इंग्रजीमार्गे आलेली ही नवराबायकोची विनोदी गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी रंगभूमीवर होत राहिली, आणि ती परक्या मातीतली आहे हे बहुतेक प्रेक्षकांच्या ध्यानीही येत नाही.

हॉलिवूडलाही हे जमलेलं आहे. एदुआर मोलिनारोचा ‘ला काज ओ फोल’ १९७८चा, जाँ पॉयरेच्या नाटकावर बेतलेला. माइक निकल्सने १९९६ साली त्याचा ‘द बर्डकेज’ केला, पटकथा एलेन मेची. सँ-त्रोपेचा नाइट क्लब मायामीच्या साउथ बीचवर आला, आणि रॉबिन विल्यम्स व नेथन लेन यांनी साकारलेल्या जोडप्याच्या घरी व्याही म्हणून आला एक सनातनी सेनेटर. लग्न फक्त स्त्रीपुरुषांचंच, असं केंद्राच्या कायद्यात लिहिणारं विधेयक त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झालं. घराघरांत जे वाद चालले होते तेच पडद्यावर आले. मेने मूळ सिनेमातले विनोद बरेचसे तसेच ठेवले, फक्त समोर बसलेल्या पाहुण्याला अमेरिकी केलं.

‘डाउनहिल’ निघाला तो काळही विचार करण्याजोगा आहे. ५ जानेवारी २०२० रोजी गोल्डन ग्लोब स्वीकारताना दिग्दर्शक बाँग जून-हो याने अमेरिकी प्रेक्षकांना सांगितलं, की सबटायटल्सचा इंचभर उंचीचा अडसर ओलांडलात तर कितीतरी सुंदर सिनेमे भेटतील. ९ फेब्रुवारीला त्याच्या कोरियन ‘पॅरासाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. इंग्रजी नसलेल्या सिनेमाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पाचच दिवसांनी ‘डाउनहिल’ थिएटरांत लागला. इंग्रजीत पुन्हा करून दाखवल्याशिवाय आपला प्रेक्षक बघणार नाही, हे निर्मात्यांचं जुनं गृहीतक त्याच आठवड्यात कोसळलेलं होतं.

दोन्ही सिनेमांचे शेवट शेजारी ठेवून पाहावेत. रीमेकमध्ये बिली उतारावर मदतीची हाक मारते, पीट धावत वर जातो आणि तिला काहीही झालेलं नसतं. हे मुलांसाठी केलं, असं ती त्याला तोंडावर सांगते. ओस्टलुंडने हाच प्रसंग दाट धुक्यात ठेवला. टॉमस एब्बाला उचलून आणतो, मुलं खूश होतात, आणि मग एब्बा सहज उठून आपल्या स्की आणायला चालू लागते. ती खरंच हरवली होती का, कुणी सांगत नाही. त्यानंतरही त्याने एक प्रसंग जोडला आहे. परतीच्या वाटेवर बसचालक वळणांवर चाचपडतो आणि एब्बा घाबरून सगळ्यांच्या आधी बसमधून उतरते. या वेळी मुलांकडे न बघता धावलेली ती आहे. मग जवळपास सगळा जमाव डोंगर पायी उतरू लागतो. कुणीतरी टॉमसला सिगरेट देऊ करतो. तू सिगरेट ओढतोस, असं मुलगा विचारतो, आणि बाप हो म्हणतो. अख्ख्या सिनेमात त्याने स्वतःबद्दल विनाअट खरं सांगितलेली ही पहिलीच गोष्ट.

ओस्टलुंड स्वतः पुढे इंग्रजीत आला. ‘द स्क्वेअर’ला २०१७ साली कानचं पाम दोर मिळालं, आणि २०२२ साली ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’ या त्याच्या इंग्रजी सिनेमाला दुसरं. या दुसऱ्या सिनेमाच्या सुरुवातीच्या भागात कार्ल आणि याया हे मॉडेलिंग करणारं तरुण जोडपं हॉटेलात जेवतंय. बिल येतं. काल तिने आज मी देईन असं म्हटलेलं असतं, पण ती बिलाकडे बघत नाही, थँक्यू म्हणते. तो बिल उचलतो आणि मग त्याला ते सहन होत नाही. भांडण टेबलावरून टॅक्सीत, टॅक्सीतून हॉटेलच्या लिफ्टपाशी जातं. पैशाचा प्रश्न नाही, असं तो पुनःपुन्हा सांगत राहतो. समान मानलेल्या नात्यात पुरुषाकडून अजून काय अपेक्षित आहे, हा टॉमसचा प्रश्न तिथे इंग्रजीत विचारलेला आहे. हिमकडा नाही, मेलेला बाप नाही, सबब नाही, कुणाची सुटका नाही. ‘फोर्स माज्यूर’ला इंग्रजीत शोधायचं असेल, तर ते त्या लिफ्टच्या दारात सापडतं. ‘डाउनहिल’ बघायचाच असेल, तर तो ‘टुरिस्ट’ पाहिल्यानंतर बघावा, आणि ‘टुरिस्ट’ मूळ स्वीडिशमध्येच.