गंमतीतले खोटे

अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली एक प्राणी राहतो, असे 'डिस्कव्हर' या अमेरिकन विज्ञान मासिकाने एप्रिल १९९५ मध्ये छापले. अंगावर केस नाहीत, कपाळावर हाडाचे पत्रे, त्यांत दाट रक्तवाहिन्या. कपाळ तापवून हे प्राणी पेंग्विनच्या पायाखालचा बर्फ वितळवतात आणि तो आत रुतला की त्याच्यावर तुटून पडतात. सोबत छायाचित्रही होते. अनेक वाचकांनी ते खरे मानले.

असा प्राणी नाही. ती एप्रिल फूलची थट्टा होती. संशोधिकेचे नाव आप्रिले पाझ्झो. इटालियन भाषेत आप्रिले म्हणजे एप्रिल आणि पाझ्झो म्हणजे वेडा. या प्राण्यांनी म्हणे १८३७ मध्ये ज्याला गिळले, त्या प्रवाशाचे आडनाव प्वासाँ, म्हणजे मासा. एप्रिल फूलला फ्रेंच लोक 'एप्रिलचा मासा' म्हणतात.

वाचून आम्हीही हसलो. पण हसवण्यासाठी बोललेले खोटे हे खोटेच नव्हे काय? हदीसमध्ये अशा बोलण्याविरुद्ध कडक ताकीद आहे. प्रेषित (स.) स्वतः विनोद करीत, पण त्यातही खरे तेच बोलत.

कोणी म्हणेल, खुणा ठेवल्या होत्या, म्हणजे ते कोडे झाले. मान्य. पण खुणा कोणासाठी? उर्दू माध्यमातल्या आमच्या मुलांना त्या नावांत काय दिसणार? त्यांना दिसेल ते विज्ञानाचे मासिक, आणि छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायला तर आम्हीच शिकवले आहे.

शिवाय खुणा गळून पडतात. २०१८ मध्ये मूल पळवून नेल्याची एक चित्रफीत भारतभर मोबाईलवर फिरली. ती मूळची कराचीतली, मुलांना जपा असे सांगणारी जाहिरात होती. मूल परत आणून सोडण्याचा शेवटचा भाग कोणी तरी कापला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले.

बर्फातला प्राणी आणि राईनपाडा यांचे पाप एक नाही. तरी ऐकणाऱ्याचा भोळेपणा दोन्हीकडे सारखाच. आलेल्या खबरीची आधी तहकीक करा, नाहीतर नकळत कोणावर जुलूम होईल, असे कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बजावले आहे. ती जबाबदारी ऐकणाऱ्याची. पण ऐकणाऱ्याचा विश्वास ही सांगणाऱ्याजवळची अमानत आहे. वर्गात आम्ही थट्टा जरूर करू; मात्र घंटा होण्याआधी तिचा उलगडाही करू.