लोखंडाच्या डोंगरात उपाशी

डिचोलीच्या खाणपट्ट्यात पाऊस लागला की ओहोळ तांबडे होऊन वाहतात. या मातीतल्या लोखंडावर गोव्याचं अर्थकारण कित्येक वर्षं चाललं. त्याच मातीत राहणाऱ्या जिवाणूला मात्र लोखंडाची कायम टंचाई असते. हवा लागली की लोखंड गंजून जे रूप धरतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि जिवाणूला तर ते विरघळलेलंच हवं. समुद्रकाठी तहानलेल्या माणसासारखी त्याची गत होते.

मग तो आपल्या पेशीत एक छोटा रेणू घडवतो आणि मातीत सोडतो. तो रेणू लोखंडाच्या अणूला चहूबाजूंनी धरून ठेवतो, आणि पेशी ती जोडी आत ओढून घेते. अशा रेणूंना सिडरोफोर म्हणतात. बर्कलीच्या जो नीलँड्स यांनी १९५२ साली त्यातला एक, फेरिक्रोम, काणी रोगाच्या बुरशीतून स्फटिकांच्या रूपात वेगळा केला. पुढे १९८७ मध्ये श्विन या सहकाऱ्यासोबत त्यांनी हे रेणू ओळखायची एक सोपी चाचणी दिली. निळ्या आगरच्या बशीवर जिवाणूचा ठिपका ठेवायचा. त्याने लोखंड ओढलं, की ठिपक्याभोवती नारिंगी वलय पसरतं. दोन्हींच्या मध्ये पस्तीस वर्षं गेली, तरी नीलँड्स त्याच प्रश्नाशी झटत होते. त्या वलयाकडे पाहताना मला त्यांच्या चिकाटीचं फार मोल वाटतं.

अशा रेणूंच्या संशोधनाचं फळ कुणाच्या पदरात पडलं, तेही पाहावं. १९६०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधले संशोधक प्रतिजैविक शोधत होते. शोधता शोधता त्यांना स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस या जिवाणूचा डेस्फेरिऑक्सामिन हा सिडरोफोर हाती लागला. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं आणि त्यातलं जादा लोखंड हृदयात, यकृतात साचत जातं. ते बाहेर काढायला हाच रेणू कामी आला. रात्र रात्र छोट्या पंपाला जोडलेल्या सुईतून तो मुलांच्या शरीरात जात असे. लोखंडासाठी तडफडणाऱ्या जिवाणूची युक्ती लोखंडाने गांजलेल्या मुलाला तारते, हे मला आजही थक्क करतं. आणि जिवाणू तो घडवतो कशातून? आपल्या डाळीतही असणाऱ्या लायसिन या ॲमिनो आम्लापासून. त्याचा थोडा भाग काढून टाकायचा, एके ठिकाणी ऑक्सिजन बसवायचा आणि असे तीन तुकडे एका साखळीत ओवायचे. प्रत्येक पायरीला वेगळं विकर आणि प्रत्येक विकराचं वेगळं जनुक. हा क्रम उलगडायला पुढची चाळीसेक वर्षं लागली.

गोव्यातल्याच पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरात अडचण दुसरी. तिथे दाट खारं पाणी पेशीतला ओलावा शोषून घेतं. अशा पाण्यातले कित्येक जिवाणू एक्टोईन नावाचा रेणू साठवून तग धरतात. १९८५ साली तो इजिप्तच्या खाऱ्या तळ्यातल्या जिवाणूत सापडला आणि आज त्वचेच्या मलमांत, डोळ्यांच्या थेंबांत वापरला जातो.

म्हणून असे रेणू शोधणाऱ्या माणसाने आधी जागा ओळखावी, असं मला वाटतं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं, तेव्हा ते बनवणाऱ्या जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. परदेशी सूक्ष्मजीवांच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या कारखान्यात कुणीतरी पायाखालची माती तपासत होतं.

गोव्यातली मिठागरं मात्र एकेक करून बंद पडताहेत. बांध फुटला, भराव पडला, की ते दाट खारं पाणी राहत नाही, मग त्यात जगणारे जीव तरी कुठून राहणार? आगरवाड्याच्या चिखलाची आणि डिचोलीच्या तांबड्या मातीची एकेक बाटली, जागा आणि तारीख लिहून, गोवा विद्यापीठाच्या शीतपेटीत आत्ताच जायला हवी. ती उघडून वर्षानुवर्षं त्यात डोकं घालणारी मुलं पेडण्या-डिचोलीतूनच पुढे यावीत, आणि त्यांना नोकरीची धास्ती न बाळगता तेवढी वर्षं मिळावीत.