शुभ्रतेचे श्रेय

आमच्या गावच्या वाचनालयात एका कोपऱ्यातल्या कपाटात जुन्या इंग्रजी सचित्र नियतकालिकांचे काही बांधीव खंड पडून आहेत. शाळेला सुटी लागली की मी ते चाळीत बसतो. त्यांतील लेखांपेक्षा मला जाहिराती अधिक बोलक्या वाटतात. लेख लिहिताना माणूस जपून बोलतो. माल विकताना मात्र गिऱ्हाइकाच्या मनात नेमके काय सलते आहे, ते तो अचूक बोलून जातो.

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत साबणावरचा कर आणि जाहिरातीवरचा कर हे दोन्ही एकाच वर्षी, १८५३ साली, उठले. योगायोगच म्हणायचा; पण पुढील पन्नास वर्षांत या दोघांनी जो संसार थाटला, तो पाहता त्यांचे लग्नच त्या वर्षी लागले असे वाटावे. सर जॉन मिले या नामांकित चित्रकाराने १८८६ साली आपल्या नातवाचे एक चित्र काढले. मखमली पोशाखातला, सोनेरी कुरळ्या केसांचा मुलगा साबणाचे फुगे उडवून वर पाहतो आहे. पिअर्स साबणाच्या टॉमस बॅरट यांनी त्या चित्राचे हक्क मिळवले, त्यात साबणाची एक वडी रंगवून घेतली, आणि ते घरोघर पोहोचवले. कलेचा असा बाजार मांडावा की नाही, यावर तेव्हा बराच वाद झाला. माझी नजर मात्र दरवेळी त्या मुलाच्या गळ्याभोवतीच्या पांढऱ्या झालरीवर खिळते. ती झालर धुतली कोणी? तिला खळ कोणी दिली, आणि एकेक चुणी इस्त्रीने कोणी उठवली?

त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज घरात स्वच्छता हा नुसता आरोग्याचा विषय नव्हता, तो शीलाचा विषय होता. कॉव्हेंट्री पॅटमोर या कवीने १८५४ साली पत्नीला 'घरातील देवदूत' म्हटले, आणि ती कल्पना साऱ्या मध्यमवर्गाने उचलून धरली. आपल्याकडच्या 'गृहलक्ष्मी'चीच ती विलायती बहीण! १८६१ साली इझाबेला बीटन या बाईंचा गृहव्यवस्थेवरचा हजारावर पानांचा ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी घरधनिणीला सेनापतीची उपमा दिली. उपमा मोठी मार्मिक आहे. कारण लढाई जिंकल्याचे श्रेय सेनापतीला मिळते आणि घाम शिपायाचा गळतो. ही शिपाईगिरी मोलकरणी करीत. १८९१ च्या शिरगणतीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची संख्या एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये दहा लाखांच्या वर गेली होती. घरची सगळी कामे एकटीने ओढणाऱ्या मोलकरणीबद्दल बीटनबाईंनाही कणव वाटली होती. तरी तिचे वर्षाचे वेतन त्यांनी नऊ ते चौदा पौंडच सांगितले आहे. आणि त्या सेनापतीचे तरी काय? बाळंतपणानंतर आलेल्या आजारात, १८६५ साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्या वारल्या.

धुण्याचा वार बहुधा सोमवार. कपडे आधीच भिजत घातलेले असत. पहाटे उठून तांब्याच्या मोठ्या हंड्याखाली जाळ करायचा, पाणी वाहून आणायचे, साबण किसायचा, दांड्याने कपडे घुसळायचे, उकळायचे, खळबळायचे, नीळ द्यायची, रुळांच्या यंत्रातून पिळायचे. सुखवस्तू घरात हे काम मोलकरीण करी, नाही तर त्या दिवसापुरती बोलावलेली धोबीण. गरिबाघरी अर्थात आई.

विल्यम लीव्हर याने हे सारे ओळखले. १८८४ साली त्याने 'सनलाइट' हे नाव नोंदवले आणि पुढे साबण लांब पट्टीतून तोडून, तोलून विकण्याऐवजी वेष्टनातल्या वड्या बाजारात आणल्या. त्याच्या एका जाहिरातीत प्रश्न होता: बाई पुरुषापेक्षा लवकर म्हातारी का दिसते? प्रथम वाचला तेव्हा मी चपापलो. कवीने जे देवदूताच्या पंखांखाली झाकले, ते साबण विकणाऱ्याने उघड्यावर आणून ठेवले होते! त्याचे उत्तरही सोपे होते. धुण्याच्या कष्टाने ती म्हातारी होते. तेव्हा आमचा साबण घ्या.

जाहिरात खोटे बोलते, असे आपण सर्रास म्हणतो. मला ते पटत नाही. तो प्रश्न खरा होता, आणि उत्तरही अगदीच खोटे नव्हते. चांगल्या साबणाने घासण्याचे कष्ट थोडे कमी झालेच असतील. स्वच्छतेने कितीतरी जीव वाचले, हेही नाकारण्यात अर्थ नाही. दोष आहे तो वेगळ्या ठिकाणी. 'ती लवकर का थकते?' या प्रश्नाचे घरातल्या पुरुषाने द्यायचे उत्तर दुकानात तयार मिळू लागले. तिच्या बरोबरीने हंडा उचलण्यापेक्षा वडी विकत आणणे स्वस्त होते. पैसे मोजले की मन हलके होई, आणि सोमवार होता तसाच राहत असे.

१८८८ साली त्याच सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, आणि पाठोपाठ ते तयार उत्तरही या देशात आले. ते माझ्या घरापर्यंत कसे पोहोचले, तेही सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी पाडव्याला मी पत्नीला ओवाळणी म्हणून कपडे धुण्याचे यंत्र घेतले. हप्त्यांवर घेतले, म्हणून त्यागाचाही थोडा अभिमान होता. तिने यंत्राला कुंकू लावले, माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "छान आहे. आता मळके कपडे घरभर शोधत फिरणारं यंत्र कधी आणता?"

त्या वेळी मीही हसलो. नंतर वाचनालयात लीव्हरचा तो प्रश्न पुन्हा समोर आला, तेव्हा हसू येईना. दुसऱ्यांच्या पोरांना मी वर्गात श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहायला देतो. आणि माझा सदरा खुंटीवर आपोआप येतो, अशी माझी वीस वर्षांची समजूत होती.

त्या दिवाळीपासून कपडे गोळा करणे, वाळत घालणे आणि इस्त्री ही कामे माझ्याकडे आहेत. यात पुण्य जोडल्याचा आव मला आणायचा नाही. थकलेल्या हप्त्यांतला एखाददुसरा फिटतो आहे, इतकेच. धाकटीच्या फ्रॉकला गळ्याशी एक पांढरी झालर आहे. ती मला अजून साधत नाही. एक चुणी बसवावी तर शेजारची मोडते. उद्या पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर तिला तोच फ्रॉक घालायचा आहे, म्हणून हा लेख पुरा करून मी आता इस्त्री तापत ठेवणार आहे.