शेवळातली खाज

जूनचा दुसरा शनिवार होता. शाळा उघडायला दोनच दिवस उरले होते, म्हणून मुलांना घेऊन आजीकडे निघालो. आसनगावला लोकलमधून उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. माहुलीचे सुळके ढगात अर्धे बुडाले होते. मुलं रिक्षात बसून आजीच्या फणसाच्या गप्पा मारत होती, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आबा गेले रे पहाटे," पलीकडून आबांचा मुलगा बोलत होता. "आत्याला घेऊन ये. चारपर्यंत थांबतो आम्ही."

आबा म्हणजे आजीचे धाकटे भाऊ, मुरबाड तालुक्यात म्हसे गावाजवळ राहणारे. आमच्या वाडीपासून सरळगाव, मुरबाड करत तिथे जायला दीड तास पुरे होता. मी पाहिलं, घड्याळात दहा वाजले होते.

मुलांच्या तोंडाकडे बघितलं आणि बोलून गेलो, "आत्याला झेपणार नाही. पाऊस आहे, तिचं ब्लडप्रेशर आहे. तुम्ही उरकून घ्या. मी उद्या सावकाश सांगतो तिला."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "बरं. तू म्हणतोस तर."

किन्हवलीच्या पुढे आत आमची वाडी. आजी ओटीवर वाटच बघत बसली होती. ८५ पार केलेली, पण नजर घारीची. तिच्याजवळ सुपात शेवळांच्या रानभाजीची जुडी आणि काकडाची हिरवी फळं होती. "तुझ्या आबानं धाडलीत," ती म्हणाली. "परवा त्यांच्या गावचा माणूस बाजारला आला, त्याच्या हाती. पहिला पाऊस पडला की शेवळं धाडल्याशिवाय राहवत नाही त्याला. उद्या करते."

माझ्या घशात काहीतरी अडकलं. गोठ्यामागे जाऊन काकाला सगळं सांगितलं. तो डोळे पुसत बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "मी जाऊन येतो. हिला सांग, बियाणं आणायला शहापूरला गेलाय." मोटारसायकल काढून तो निघून गेला.

दिवस छान गेला, हे लिहिताना आजही लाज वाटते. आजीनं हाताला तेल चोळून फणस फोडला. एकेक गरा काढून माझ्या लेकीच्या तोंडात घातला. आठळ्या वेगळ्या ठेवल्या, संध्याकाळी चुलीत भाजायला. आबांच्या गोष्टी निघाल्या. "सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले ना, त्या १९४३ सालचा जन्म त्याचा. मी पाच वर्षांची. कडेवर घेऊन फिरायची त्याला. सगळा भार माझ्या कमरेवर, आणि हा वर माझेच केस ओढायचा." मुलं खळखळून हसली. आजी हसली. मीही हसलो.

तिन्हीसांजेला काका परतला. बियाण्याची पिशवी नव्हती. घरात न शिरता तो परसात गेला आणि अंगावर दोन बादल्या पाणी ओतलं. विहिरी अजून भरल्या नव्हत्या, पिंपात टँकरचं पाणी होतं, आणि त्या पाण्याचा तांब्या तांब्या मोजणारा माणूस म्हणजे काका. आजीनं ओटीवरून ते पाहिलं. काही बोलली नाही. चुलीतल्या आठळ्या काढल्या, सोलून मुलांना दिल्या. रात्री त्यांचे हात धरून बांधावर गेली. समोरच्या ऐनाच्या झाडावर काजवे एकदम पेटत होते, एकदम विझत होते. "बघा," ती मुलांना म्हणाली, "विझला म्हणजे गेला असं नसतं." मला वाटलं, ती काजव्यांबद्दलच बोलतेय.

मध्यरात्री जाग आली तेव्हा आजी ओटीवर बसलेली दिसली. मांडीवर काळी घोंगडी होती. म्हशाच्या जत्रेतून आबांनीच तिच्यासाठी आणलेली. पौष पौर्णिमेला ती जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार असतो, आणि आबा बैल घेवोत न घेवोत, बहिणीसाठी घोंगडी घेतल्याशिवाय परतत नसत.

मी जवळ जाऊन बसलो.

"किती वाजता नेला?" तिनं विचारलं.

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "चार वाजता."

"चार वाजता मी फणस सोलत होते." तिनं घोंगडीवरून हात फिरवला. "त्याच्याच गोष्टी सांगत होते, हसत होते."

"आजी, तुला त्रास होईल म्हणून…"

"हसले त्याचं वाईट नाही वाटत रे. तोही हसला असता. थांबले होते का ते माझ्यासाठी?"

मी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तिकडे तानसा आहे, इकडे भातसा आहे. इंग्रजांच्या काळापासून आपल्या तालुक्याचं पाणी मुंबईला जातंय. धरण उशाला आणि बाया हंडे घेऊन टँकरच्या रांगेत. तू तेच केलंस. भाऊ माझा, आणि बातमी सगळ्यांच्या शेवटी मला. मला विचारायचं तरी होतंस. मी नसते गेले, तर नसते गेले. पण ते मी ठरवलं असतं."

माझ्याकडे शब्द नव्हते. मी तिच्या पायांना हात लावला. तिनं तो हात बाजूला सारला नाही, एवढंच.

पहाटे पाचला तिनं मला उठवलं. चूल पेटली होती. "ये, काकडं ठेच. त्याच्या घरी आज चूल पेटायची नाही. कडू घास आपण न्यायचा. त्यानंच धाडलेली शेवळं नेऊ."

तेलाचे हात करून ती शेवळं साफ करू लागली. वरचं जांभळट पान उलगडायची, आतला खालचा पिवळा भाग नखानं काढून टाकायची, उरलेलं बारीक चिरायची. मी काकडं ठेचत होतो.

"एवढी पुरेत?" मी विचारलं.

"अजून घाल. काकडं कमी पडली तर घसा धरतो." मग चिरता चिरताच म्हणाली, "शेवळात खाज असतेच बाबा. झाकण ठेवून ती जात नाही. काकडाच्या आंबटानं मोडावी लागते, मग ताटात घेता येते. दुःखाचंही तसंच. झाकून ठेवलंस, तर ज्याच्यापासून झाकलंस त्याचाही घसा धरतो आणि तुझाही."

कालपासून माझ्या घशात जे अडकलं होतं, त्याला आजीनं नाव दिलं.

लेक उठून आली. मी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "काल ज्यांच्या गोष्टी ऐकल्यास ना, ते आबा वारले. आपण सगळे आज त्यांच्या घरी जायचंय." ती थोडी रडली. मग तिनं विचारलं, "मोठ्या आजीचा हात मी धरू?"

आबांच्या अंगणात आजी आणि तिची वहिनी गळ्यात गळा घालून रडल्या. आबांच्या मुलापुढे मी हात जोडले. "तुमची चूक नाही, आत्याला मी येऊ दिलं नाही," असं सगळ्यांसमोर सांगितलं. दुपारी डबा उघडला. भाकरीबरोबर शेवळांचा घास घेताना वहिनी म्हणाल्या, "त्यांनीच खुडली होती." कोणी बोललं नाही, पण प्रत्येकानं घास घेतला. मग त्या उठल्या, माळ्यावरच्या अढीतून आंब्यांची पाटी खाली काढली आणि मुलांपुढे ठेवली. आबांनी पेंढ्यात घालून ठेवलेले रायवळ आंबे होते ते, पोरं येतील तेव्हासाठी. मुलं ओटीवर बसून आंबे चोखू लागली. हनुवटीवरून रस ओघळला तशी आजी हसली, आणि त्याच पदरानं तिनं आधी मुलांची तोंडं पुसली, मग स्वतःचे डोळे.

ते हसू कालच्यापेक्षा वेगळं होतं. काल तिला हसवायला मी तिच्यापासून काहीतरी दडवलं होतं. आज तिच्यापासून काहीच दडलेलं नव्हतं, तरी ती हसली.

आपल्या माणसाला दुःखापासून वाचवतोय असं म्हणत आपण पुष्कळदा त्याचा हक्कच काढून घेतो. रडायचा, निरोप द्यायचा, शेवटचं तोंड बघायचा. दोन दिवस सुखाचे जावेत म्हणून मी आजीचा एक दिवस चोरला. तो मला कधीच परत देता येणार नाही. सुखाला दुःखाचं वावडं नसतं, दोन्ही एका ओटीवर बसू शकतात. वावडं असतं ते लपवाछपवीचं.

आता दर जूनला आसनगावला उतरलो की बाजारात शेवळं घेतो. लेक जुडी हातात घेते आणि न चुकता विचारते, "बाबा, काकडं घेतलीत ना?"